३ एमएम ॲक्रिलिक घरी वाकवायचं कसं: हीटर बनवण्यापासून शेवटपर्यंत

मोबाईलचा स्टँड, आर्डुइनोचं (छंदासाठी वापरतात त्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं) कव्हर, दारावरची नावाची पाटी, राउटरसाठी भिंतीवरचा छोटा कप्पा, असलं काहीही बनवताना ॲक्रिलिकचे दोन तुकडे काटकोनात चिकटवण्यापेक्षा एकच तुकडा वाकवला तर दिसायला पण भारी आणि टिकायला पण. जोडच नाही तर सुटणार काय? आणि हे काम घरी नीट जमतं, त्यासाठी मोठं मशीन लागत नाही. लागते एक तापणारी तार, तिच्याभोवती थोडी व्यवस्था, आणि तापवताना थांबायची तयारी.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून आधीच सांगतो. वाकवण्याचं काम अर्ध्या मिनिटाचं असतं, बाकी सगळं काम तापवण्याचं आहे. घडीत बुडबुडे येणं, घडी वेडीवाकडी होणं, बाहेरच्या बाजूला पांढरट रेषा दिसणं, काही दिवसांनी आपोआप बारीक तडे जाणं, ही सगळी लक्षणं वाकवल्यावर दिसतात पण चूक तापवतानाच झालेली असते.

त्याचं कारण असं की ॲक्रिलिक साधारण १०५ डिग्री सेल्सियसला कडकपणा सोडायला लागतं, पण तेव्हा वाकवलं तर ते जबरदस्तीने वाकतं आणि आत ताण राहतो. नीट वाकवण्यासाठी १५० ते १६५ डिग्री लागतात, आणि १८०च्या वर गेलं की बुडबुड्यांची भीती. म्हणजे आपल्याकडे वीस-पंचवीस डिग्रीचीच जागा आहे. त्यात ॲक्रिलिकमधून उष्णता फार हळू जाते, ॲल्युमिनियमच्या साधारण हजाराव्या भागाइतकीच, त्यामुळे खालचा पृष्ठभाग तापून उकळायच्या बेतात आला तरी वरचा भाग अजून कडकच असू शकतो. घाई केली की हेच होतं. मंद आंच आणि जास्त वेळ, हाच उपाय.

शीट कुठली घ्यायची

दुकानात ८ बाय ४ फुटाची शीट असते, पण बरेच दुकानदार कापून देतात आणि कोपऱ्यात पडलेले उरलेले तुकडे स्वस्तात देतात, शिकायला तेच घ्या. सुरुवात ३ एमएमने करा. २ एमएम पटकन तापते पण पटकन बिघडते पण, आणि ५-६ एमएमला दोन्ही बाजूंनी तापवावं लागतं.

ॲक्रिलिक दोन प्रकारचं मिळतं, कास्ट आणि एक्सट्रुडेड. कास्ट म्हणजे साच्यात ओतून बनवलेलं, एक्सट्रुडेड म्हणजे मशीनमधून सलग दाबून काढलेलं. एक्सट्रुडेड थोड्या कमी तापमानाला वाकतं पण तापल्यावर ज्या दिशेने मशीनमधून निघालं त्या दिशेने आखडतं, आणि स्पिरिट, थिनर वगैरे लागलं की लवकर तडकतं. कास्ट थोडं महाग पण गरम करताना जास्त सांभाळून घेतं. ओळखायचं असेल तर हॅक्सॉने कापून बघा: कास्टचा कोरडा पांढरा भुसा पडतो, एक्सट्रुडेड ब्लेडला चिकटायला लागतं. माझं मत विचाराल तर वाकवायच्या कामाला कास्टच घ्या, छोट्या तुकड्यात किमतीचा फरक फार पडत नाही.

हीटर

बाजारात तयार स्ट्रिप हीटर मिळतात पण ते साइनबोर्डवाल्यांच्या धंद्यासाठी असतात आणि छंदासाठी महाग पडतात. घरी बनवलेला पुरेसा होतो.

सामान: नायक्रोमची (निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, करंट दिला की तापणारी) तार २४ गेज, साधारण पाऊण मीटर. १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा पॉवर सप्लाय. १२ व्होल्टवर चालणारा डिमर, एलईडी पट्ट्यांना लावतात तसला चालेल, फक्त तो ८-१० अँपिअरचा असू द्या. एक जाड प्लायवूडची फळी, तारेपेक्षा थोडी लांब. दोन फुटी व्हिट्रिफाइड टाइलच्या पट्ट्या, त्या फरशीवाल्याकडे उरलेल्या टाइलमधून कापून मिळतात. नट-बोल्ट, वॉशर, एक छोटी स्प्रिंग. नायक्रोम आणि एसएमपीएस मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या भागात शोधा, बाकी गावांत इलेक्ट्रिकच्या दुकानात शेगडीची कॉइल मिळते, ती पण बहुतेक वेळा नायक्रोमचीच असते, सरळ करून वापरता येते. फक्त तिची जाडी कमीजास्त असते म्हणून मल्टिमीटरने मोजून घ्या.

मोजायचं काय तर रेझिस्टन्स. २४ गेजची (एसडब्ल्यूजी मापाची) तार साधारण ०.५६ एमएम जाड असते आणि तिचा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला साडेचार ओहमच्या आसपास येतो. ६४ सेंटिमीटर तार घेतली तर २.८ ओहम, त्यावर १२ व्होल्ट दिले की सव्वाचार अँपिअर करंट, म्हणजे ५० वॉट. दोन फुटी तारेला एवढे पुरतात. तार पूर्ण लाल व्हायची गरज नाही, उलट लाल झाली तर डिमर कमी करा.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. काही जण उघडी तार पंख्याच्या डिमरमधून थेट घरच्या २३० व्होल्टला जोडतात. हे अजिबात करू नका. आपण वाकून काम करणार, हात तारेच्या इंचभर जवळ, आणि तार उघडी. १२ व्होल्टचा एसएमपीएस असेल तर चुकून हात लागला तर भाजेल पण शॉक लागून जीव जाणार नाही. एसएमपीएसच्या मेनच्या स्क्रूवर पण कव्हर बसवा आणि अर्थिंग जोडा.

आता जोडणी. प्लायवूडवर मध्यभागी टाइलची एक पट्टी झोपवा, ही तारेखालची फरशी, तिच्यामुळे लाकूड जळत नाही. त्या पट्टीवर लांबीच्या दोन्ही कडांना टाइलच्या दोन-दोन अरुंद पट्ट्या एकावर एक ठेवा, मध्ये १२ ते १५ एमएमची फट सोडा. म्हणजे टाइलची एक नाली तयार झाली, साधारण १७-१८ एमएम खोल. तार या नालीच्या बरोबर मधून, तळापासून १० एमएमवर ताणायची, म्हणजे वर ठेवलेली शीट तारेपासून ७-८ एमएम दूर राहील. तार ना टाइलला लागली पाहिजे ना शीटला.

तार तापली की लांब होते, दोन फुटात तीन-चार एमएम सहज, आणि सैल पडून खाली लोंबते. म्हणून एक टोक बोल्टला पक्कं आणि दुसरं टोक स्प्रिंगला. पण करंट स्प्रिंगमधून जाऊ देऊ नका, स्प्रिंग तापून मऊ पडते, स्प्रिंगच्या अलीकडेच तारेला वॉशर आणि नट-बोल्टने आवळून तिथून मऊ तांब्याची वायर काढा. सोल्डरिंगच्या नादी लागू नका, नायक्रोमवर सोल्डर धड बसत नाही आणि बसलं तरी तापून वितळतं. टाइलच्या बाहेरची स्प्रिंग आणि जोड उघडे राहतात, तिथे पत्र्याचं छोटं छप्पर केलं तर बरं, पण ते तारेला लागणार नाही हे बघा.

टाइलचा अजून एक फायदा होतो. ती नालीच्या बाहेरच्या शीटला थंड ठेवते, त्यामुळे तापलेला पट्टा अरुंद आणि सरळ राहतो. ३ एमएम शीटला काटकोनी घडीसाठी ८-१० एमएमचा पट्टा तापला की झालं. पट्टा रुंद झाला की घडी गोलाकार येते, अरुंद झाला की शीट कोपऱ्यात ताणली जाते.

माप काढणं

इथे बरेच जण गडबडतात कारण वाकवल्यावर माप बदलतं. समजा तुम्हाला बाहेरून ८० एमएम आणि ५० एमएम असा काटकोन हवा आहे. १३० एमएमचा तुकडा कापलात तर तयार वस्तू मोठी येईल. कारण कोपऱ्यात शीट दोन्ही भुजांच्या टोकापर्यंत जात नाही, वळण घेऊन जवळच्या रस्त्याने जाते. ३ एमएम शीट आणि आतला गोलावा पण ३ एमएम धरला तर प्रत्येक भुजेतून ६ एमएम वजा, आणि वळणाची लांबी ७ एमएम मिळवायची. ७४ अधिक ४४ अधिक ७ म्हणजे १२५ एमएम. थोडक्यात काटकोनाच्या एका घडीमागे ५ एमएम कमी कापा. आणि तारेवर येणारी मधली रेघ ८० वाल्या कडेपासून ७७.५ एमएमवर येईल, ८० वर नाही.

पण हे आकडे तुमच्या हीटरवर थोडे सरकणारच, म्हणून त्याच शीटची २५ एमएम रुंद पट्टी कापा, वाकवा, मोजा, आणि किती फरक पडला ते हीटरच्या फळीवरच लिहून ठेवा. ही पट्टी वाया जात नाही, तिच्यावरून वेळ पण कळतो.

वाकवण्याआधीची कामं

कापणं, भोकं पाडणं, कडा घासणं, सगळं वाकवण्याआधी. वाकवल्यावर ड्रिल करायला गेलात तर तुकडा नीट धरता येत नाही. भोक घडीच्या रेघेपासून निदान १०-१२ एमएम लांब ठेवा, नाहीतर तापल्यावर ते अंडाकार होतं. कडा कानस आणि मग पॉलिश पेपरने साफ करा, विशेषतः घडीच्या दोन्ही टोकांना, कारण कडेला बारीकशी चीर राहिली तर वाकवताना तडा तिथूनच सुरू होतो.

शीटवर चिकटवलेली संरक्षक फिल्म घडीच्या जागी दोन्ही बाजूंनी काढायची, साधारण ४ सेंटिमीटरचा पट्टा, बाकीची तशीच राहू द्या म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. फिल्म ठेवूनच तापवलं तर ती चिकटून बसते आणि मग निघता निघत नाही. खूण फिल्मवरच कडेला करा. उघड्या ॲक्रिलिकवर टोकदार सुईने रेघ मारू नका, परमनंट मार्करही नको. तापवायची जागा साबणाच्या पाण्याने पुसून मऊ सुती कपड्याने कोरडी करा, धुळीचा कण तापल्यावर आत रुततो.

पावसाळ्यात एक जास्तीची पायरी. ॲक्रिलिक हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर उघडी पडलेली शीट व्यवस्थित तापवली तरी बुडबुडे देऊ शकते, ओलाव्याची आतच वाफ होते म्हणून. अशी शीट ७५-८० डिग्रीला काही तास ठेवून वाळवावी लागते. घरच्या ओटीजीचा (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनचा) काटा या तापमानाला फारसा विश्वासाचा नसतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा, कारण १०० च्या पुढे गेलं तर शीट लोळायला लागते. ओव्हन नसेल तर शीट आणल्याबरोबर फिल्मसकट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवणं हा सोपा मार्ग.

तापवणं

हीटर चालू करून पाच मिनिटं नुसता तापू द्या. मग शीट टाइलवर अशी ठेवा की मधली रेघ बरोबर तारेवर येईल. एका बाजूला फळीचा तुकडा क्लॅम्पने लावून आडकाठी केली की दर वेळी रेघ जुळवत बसावं लागत नाही, चार सारखे तुकडे करायचे असतील तर हे कराच.

३ एमएमला साधारण दोन ते चार मिनिटं लागतात, पण घड्याळावर जाऊ नका, शीटकडे बघा. एका बाजूला हलकेच हात लावून किंचित उचलून बघा, सुरुवातीला पूर्ण शीट एकत्र उचलली जाईल, मग थोडी लवचिक वाटेल, आणि मग अशी वेळ येते की टाइलच्या बाहेर निघालेली बाजू स्वतःच्या वजनाने खाली पडायला लागते. हीच ती वेळ. जोर लावावा लागतोय म्हणजे अजून तापलेलं नाही, परत ठेवा, अर्धा मिनिट थांबा. मी यावर एवढा भर देतोय कारण नव्वद टक्के तापल्यावर शीट वाकते तर खरी, दिसतेही ठीक, पण तो ताण आत बसून राहतो आणि नंतर तडे देतो.

५-६ एमएम शीटला एका बाजूने तापवत राहिलात तर खालची बाजू बिघडेल पण वरची तयार होणार नाही, म्हणून दर तीस-चाळीस सेकंदांनी पलटत राहा. शेवटची वेळ मात्र कुठली बाजू तारेकडे ते लक्षात ठेवा, कारण वाकवताना तारेकडची बाजू बाहेर यायला हवी. बाहेरच्या बाजूला जास्त ताणावं लागतं, म्हणून ती जास्त गरम हवी. हे उलट केलं तर बाहेरची बाजू पांढरट पडते.

तारेच्या शेवटच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये उष्णता कमी असते, तेव्हा दोन फुटी हीटरवर ५० सेंटिमीटरपर्यंतचीच शीट घ्या.

वाकवणं आणि धरून ठेवणं

वाकवायचा साचा आधीच टेबलावर तयार ठेवा, तापल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. काटकोनासाठी गुण्यात (सुताराच्या काटकोनी पट्टीत) तपासलेले दोन लाकडी ठोकळे एका फळीवर ठोकून घ्या, बाकी कोनांसाठी प्लायवूडचे तुकडे त्या मापात कापा. सुती किंवा चामड्याचे हातमोजे घाला, नायलॉनचे नकोत, ते चिकटतात. शीट उचला, साच्यात ठेवा, सावकाश पण न थांबता, झटका न देता, एका सलग हालचालीत कोन पूर्ण करा.

मग धरून ठेवा. ३ एमएमला दीड-दोन मिनिटं तरी, घडीजवळ हात ठेवला तर सहन होईल इतकं थंड होईपर्यंत. लवकर सोडलं तर कोन थोडा उघडतो, म्हणून डिग्री-दोन डिग्री जास्त वाकवायची सवय बरी. ओलं कापड, फुंकर, पंखा काही नको, बाहेरून पटकन थंड झालं की आत ताण अडकतो.

लांब घडी, म्हणजे फूट-दीड फुटाच्या वर, थंड होताना केळ्यासारखी वाकते, कारण तापलेला पट्टा आखडतो आणि शेजारचा थंड भाग आखडत नाही. उपाय म्हणजे पूर्ण लांबीवर दोन सरळ फळ्यांमध्ये क्लॅम्प करून पूर्ण गार होईपर्यंत सोडायचं नाही.

आणि चुकलं तर? ॲक्रिलिकला आपला मूळ सपाट आकार आठवतो. परत त्याच जागी तापवलं की ते बऱ्यापैकी सरळ होतं आणि तुम्ही पुन्हा वाकवू शकता. बुडबुडे आले असतील तर मात्र ते जात नाहीत, तुकडा बदला.

हीट गन असेल तर

तार बनवायची नसेल तर हीट गन चालते, पण पट्टा सरळ ठेवायला मेहनत जास्त. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या शीटवर १० एमएमची फट ठेवून क्लॅम्प करा, गन ८-१० सेंटिमीटर वर धरून सतत पुढेमागे फिरवा, एका जागी थांबू नका, आणि दोन्ही बाजूंनी तापवा. एकदोन इंचाच्या अरुंद पट्ट्यांना ही पद्धत उत्तम, त्याहून मोठं काही करू नका. हेअर ड्रायरने होत नाही, तेवढा तो तापत नाही. गॅसच्या ज्योतीवर पण नको, काजळी बसते आणि ॲक्रिलिक पेटतं, पेटलं की थेंब थेंब जळत खाली गळतं. तसंही हीटर चालू असताना बाजूला वाळूची बादली किंवा फायर एक्स्टिंग्विशर हवाच, आणि चालू ठेवून उठून जायचं नाही.

दुसऱ्या प्लास्टिकच्या शीट

पीईटीजी सगळ्यात सोपी, १२०-१४० डिग्रीला वाकते आणि सहसा वाळवावी लागत नाही, नवशिक्यांना मी हीच आधी हातात देईन, फक्त ओरखडे लवकर पडतात. एबीएस पण सोपी, ॲक्रिलिकच्या आसपासच्याच तापमानाला. पॉलीकार्बोनेट हट्टी आहे, १८० डिग्रीच्या आसपास लागतात आणि न वाळवता तापवलं तर हमखास बुडबुडे, वाळवायचं म्हणजे १२० डिग्रीला कित्येक तास. पण पॉलीकार्बोनेट पातळ असेल तर थंडच वाकवता येतं, पत्र्यासारखं दोन लोखंडी कडांमध्ये धरून, मोठा गोलावा ठेवून. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी फोम, तो कमी तापमानाला, हीट गनने पटकन वाकतो, पण तो जळू देऊ नका. पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, नाकाडोळ्यांची आग होते, फुप्फुसांना वाईट. सनबोर्डचं काम गच्चीवर किंवा खिडक्या उघड्या टाकून, आणि तारेच्या हीटरवर नाहीच. ॲक्रिलिकलाही उघडी खिडकी लागतेच, घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांचा पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवा.

तडे न जाण्यासाठी

वाकवलेल्या जागी थोडाफार ताण राहतोच. त्यावर स्पिरिट, थिनर, परफ्यूम, काच साफ करायचा स्प्रे काहीही लागलं की जाळीसारखे बारीक तडे पडतात, कधी लगेच, कधी चार दिवसांनी. लेझरने कापलेल्या कडांना हा त्रास जास्त, कारण तिथे आधीच ताण असतो. म्हणून पुसायचं ते फक्त सौम्य साबणाच्या पाण्याने.

जर त्याच तुकड्याला पुढे काही चिकटवायचं असेल, आणि ॲक्रिलिक जोडायला बहुतेक जण क्लोरोफॉर्म किंवा तसलंच पातळ सॉल्व्हंट वापरतात, तर आधी ॲनीलिंग करा, म्हणजे मंद तापवून आतला ताण काढा. पूर्ण तुकडा ८० डिग्रीला तीन-चार तास ठेवायचा आणि मग ओव्हन बंद करून दार न उघडता आतच गार होऊ द्यायचा. आधार देऊन ठेवा, मोकळ्या भुजा लोंबकळत ठेवू नका. त्यानंतरच सॉल्व्हंट, आणि ते हीटर पूर्ण बंद करून, थंड झाल्यावर, हवेशीर जागी. घडीच्या अगदी शेजारी जोड न घेता निदान दोन-तीन सेंटिमीटर सोडून घेतला तर अजून बरं, आणि जोडलेला तुकडा दुसऱ्या दिवसापर्यंत वजन न टाकता तसाच पडून राहू द्या.